सिंगापूर क्रूझ संपल्यावर चांगी विमानतळ कसा गाठावा?

कोथरूडकर: मरीना बे क्रूझ सेंटरला सकाळी उतरणार, दुपारी चांगीहून मुंबईचं विमान. सोबत सासूबाई, त्यांचे गुडघे आणि चार मोठ्या बॅगा. मेट्रोने जमेल?

पेठेतला: जमतं की. मरीना साउथ पिअर स्टेशन जवळच. सिटी हॉलला लाल लाइन सोडून हिरवी, पुढे तानाह मेराहला परत बदल. स्वस्तात स्वस्त.

पल्लवी_औंध: अहो, गुडघे वाचले नाहीत का तुम्ही? दोनदा गाडी बदलायची, तीही बॅगा ओढत! कोथरूडकर, सरळ गाडी करा, साधारण २० किलोमीटर आहे. पण साध्या टॅक्सीच्या डिकीत चार मोठ्या बॅगा मावत नाहीत, ग्रॅब या टॅक्सी ॲपवर सहा सीटर मागवा. व्हीलचेअरचं विमान कंपनीला आत्ताच कळवा.

कोथरूडकर: सहा सीटरच. सासूबाईंना चांगीच्या ज्वेल मॉलमधला धबधबाही बघायचाय.