मदत हवी आहे: जर्मनीतल्या लहान गावात बाबांचे तीन महिने कसे जातील?

नमस्कार मंडळी,

धागा काढू की नको, असं पंधरा दिवस चाललं होतं. बाबांच्या व्हिसाची अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यात आहे, म्हणून आता विचारतेच. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

आम्ही अडीच वर्षांपासून श्वाइनफुर्टला राहतो. नवरा बेअरिंगच्या कारखान्यात आहे, मी घरून थोडंफार काम करते, मुलगी दुसरीत आहे. माइन नदीकाठचं हे गाव, वस्ती ५४ हजारांच्या आसपास. फिरायला येणारे लोक व्युर्त्सबुर्गला उतरतात, बाम्बेर्गला जातात, आमच्याकडे कोणी येत नाही. फ्रीडरिश फिशर यांनी १८८३ साली पोलादाच्या गोळ्या एकसारख्या घासणारं यंत्र इथेच तयार केलं आणि बॉल बेअरिंगवर गाव मोठं झालं. त्याच कारखान्यांसाठी १९४३ मध्ये इथे बाँबहल्ले झाले, त्यामुळे जुन्या इमारतीही थोड्याच उरल्या. सहाला दुकानांतली गर्दी ओसरते, आठला दुकानं बंद. रविवारी तर रस्त्यावर सायकलची घंटी वाजली तरी घरात ऐकू येते.

मला हे गाव आवडतं, हे आधीच सांगते. घरभाडं परवडतं, मुलगी चालत शाळेत जाते, नदी दहा मिनिटांवर आहे. काळजी बाबांची आहे.

बाबा ७१ वर्षांचे. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारे, होते, तिथूनच निवृत्त झाले. पलूसजवळ आमची एकरभर द्राक्षबाग आहे, ती आता चुलतभाऊ बघतो, पण बाबा रोज एक चक्कर मारतातच. भाऊ पुण्याला असतो. आई यंदा जानेवारीत गेली. तेव्हापासून बाबा घरी एकटे. पूर्वी पहाटे पाचला आकाशवाणी सांगली लावायचे, सातला बागेत, नऊला पारावर, दहाच्या आत निम्म्या गावाशी बोलून झालेलं असायचं. आता चुलतभाऊ सांगतो की काका पारावर येत नाहीत, बांधावर नुसते बसून राहतात. व्हिडिओ कॉल लावून ते फोन टेबलावर उभा करतात, तेव्हा मागे स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवलेली आईची परात दिसते. तिने ठेवली तिथेच आहे अजून. मी ती परात बघत बोलते आणि ते म्हणतात, "मी झ्याक आहे, तू काळजी करू नको."

म्हणून त्यांना इकडे आणायचं ठरवतोय. २० सप्टेंबरला यायचं आणि डिसेंबरच्या मध्याला परत, ९० दिवसांच्या आत. ते म्हणतात द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीला मी नसलो तर कसं. मी म्हटलं, बाग बघायला दादा आहे ना. यावर ते गप्प बसले, म्हणजे निम्मा होकार आहे.

पण मला इथला माझा पहिला नोव्हेंबर आठवतो. धुकं नदीवरून वर यायचं ते दुपारपर्यंत हलायचं नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे नेतात, त्यानंतर पाच वाजले की खिडकीबाहेर काही दिसत नाही. डिसेंबरात तर सव्वाचारलाच सूर्य मावळतो. एका आठवड्यात मी घरच्यांशिवाय फक्त बेकरीतल्या बाईशी बोलले होते, तेही "दोन ब्रेड" एवढंच. जिन्यात सगळे न चुकता "ग्र्युस गॉट", म्हणजे इकडचा नमस्कार, म्हणतात आणि आपापल्या दाराआड जातात. लोक वाईट नाहीत, अजिबात नाहीत. पण बोलणं तिथेच संपतं. मी जर्मनची बी-१ परीक्षा पास झाले, तरी खालच्या मजल्यावरच्या आजोबांचं बोलणं मला वर्षभर कळत नव्हतं. फ्रँकिश बोलीत 'ट'चा 'ड' होतो, 'प'चा 'ब' होतो आणि अर्धे शब्द तोंडातच राहतात. बाबांना मराठी येतं आणि कामापुरतं हिंदी. इंग्रजी यंत्रांवरच्या पाट्यांपुरतं.

नवरा सकाळी साडेसहाला जातो, मुलगी पावणेआठला. मी माझ्या कामात. बाबांना दिवसभर खिडकीशी बसवायला आणलं असं व्हायला नको. तिकडच्या घरातली शांतता निदान त्यांच्या ओळखीची आहे. इथली शांतता त्यांना जास्त जड गेली तर?

मला कळेना झालेल्या गोष्टी अशा. तुमच्यापैकी लहान गावात राहणाऱ्यांनी आई-वडिलांना आणलं असेल, तर त्यांचा आठवडा कसा जायचा? आम्ही कामावर असताना त्यांना एकटं बाहेर पाठवलंत का, आणि कसं? इथल्या बाजारचौकात रुकर्ट या कवीचा पुतळा आहे. त्याचा जन्म इथलाच, १७८८ चा. संस्कृत शिकून त्याने नल-दमयंतीची गोष्ट १८२८ साली जर्मनमध्ये आणली. ऊन असलं की त्या पुतळ्याजवळ म्हातारी मंडळी बसतात. मला सारखं वाटतं की बाबा तिथे बसले तर बरं, पण भाषेशिवाय पार कसला? पहाटे पाचच्या रेडिओचंही सांगा, भिंती पातळ आहेत आणि इथे रात्री दहा ते सकाळी सहा आवाज चालत नाही.

आणि शेवटचं, मनापासून विचारते. आणू का त्यांना?

प्रतिसाद १, थुरिंगियातल्या एका गावातून

ताई, आमच्या सासूबाई आल्या होत्या तेव्हाचं सांगते. तीन महिन्यांचं तिकीट होतं, पाच आठवड्यांत परत गेल्या. चूक आमची होती. आम्ही शनिवार-रविवारी त्यांना किल्ले, चर्च, बर्लिन असं सगळं फिरवलं आणि सोमवार ते शुक्रवार त्या सोफ्यावर. बसून बसून पाय सुजले, तेव्हा आम्हाला कळलं. म्हणून दोन गोष्टी. परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा, थोडं महाग पडलं तरी. तारीख आपल्या हातात आहे म्हटल्यावर माणूस मोकळेपणाने राहतो. आणि घराची एक किल्ली पहिल्याच दिवशी त्यांच्या हातात द्या. सासूबाईंना आम्ही दिली नव्हती, हरवेल म्हणून. आता फार वाईट वाटतं.

प्रतिसाद २, न्यूर्नबर्गहून

कागदपत्रांचं बघून ठेवा. तुम्ही खर्चाची हमी देणार असाल, तर ते पत्र तुमच्या गावच्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात बनतं, फी २९ युरो. मूळ प्रतच भारतात पाठवावी लागते, स्कॅन चालत नाही, तेव्हा कुरिअरचे दिवस धरा. विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो. पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांचं कलम वाचाच, बहुतेक स्वस्त पॉलिसी बीपी-शुगरमधून उद्भवलेलं काही भरून देत नाहीत. गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या आणा, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत घ्या, नाव कंपनीचं नको, औषधाचं हवं. तूप, पेढे, खवा काही आणायला सांगू नका, युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. लोणचं आणि मेतकूट आणा.

फिरण्यासाठी डॉइचलांड तिकीट काढून द्या, सध्या महिन्याला ६३ युरो. बस आणि साध्या गाड्या सगळ्या चालतात, आयसीई, म्हणजे वेगवान गाड्या, चालत नाहीत, हे त्यांना नीट समजावून सांगा. रद्द करायचं तर महिन्याच्या १० तारखेच्या आत, नाहीतर पुढच्या महिन्याचेही पैसे जातात. आमचे वडील रोज एकच बस धरायचे, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचे आणि त्याच बसने परत यायचे. तिसऱ्या आठवड्यापासून ड्रायव्हर त्यांना हात करायला लागला. तुमच्या गावात वाइल्डपार्क, म्हणजे प्राण्यांचं उद्यान, आहे ना, प्रवेश मोफत असलेला? पहिले चार-पाच दिवस तुम्ही सोबत जा, मग एकटं पाठवा.

रेडिओचं सोपं आहे, इअरफोन. सप्टेंबरात इथले पाच म्हणजे तिकडचे साडेआठ, घड्याळं बदलली की साडेनऊ. पहाटेचा कार्यक्रम तसाही लागणार नाही, त्यांना आधी सांगून ठेवा.

प्रतिसाद ३, पुण्याहून

मी ६९ वर्षांचा आहे. मुलाकडे तीन वेळा जाऊन आलो, तेही असंच आडगाव आहे. बाळ, तुझ्या वडिलांच्या वतीने बोलतो असं समज.

आम्हाला रमवायचा प्रयत्न करू नकोस, काम दे. मुलाने पहिल्या खेपेला टीव्हीवर मराठी चॅनेलं आणून दिली, मी दुपारी ती बंद करून रडायचो. दुसऱ्या खेपेला सूनबाई म्हणाली, बाबा, पोराला शाळेतून आणायचं तुमच्याकडे. त्या एका कामासाठी मी अकरापासून तयार होऊन बसायचो. दाराशी रोज तेच आजी-आजोबा भेटायचे. भाषा नव्हती, पण कुणाचं नातवंड कोणतं हे सगळ्यांना माहीत होतं. तुझ्या मुलीची शाळा चालत जाण्यासारखी आहे म्हणतेस, मग ते काम त्यांनाच दे. शाळेला त्यांचं नाव आधी लेखी कळव.

ते टर्नर होते म्हणतेस. बेअरिंगच्या गावात! खालचे आजोबा काय करायचे, विचारलंस का कधी?

आणि आईबद्दल घरात बोला. मुलं वडिलांना त्रास नको म्हणून विषय टाळतात. ही गेली तेव्हा माझ्याही घरी तेच झालं. त्या टाळण्याचा त्रास जास्त होतो.

प्रतिसाद ४, व्युर्त्सबुर्गहून

मी तासगावची, त्यामुळे छाटणीचं वाचून राहवलं नाही. ताई, सप्टेंबर-ऑक्टोबरात इथे द्राक्षांची तोडणी असते! तिकडे फळछाटणी सुरू आणि इकडे वेलींवर घड. फोल्काखच्या बाजूला त्यांना नक्की घेऊन जा, तुमच्यापासून फार लांब नाही. आपल्यासारखा मांडव नसतो, तारांवर उभ्या भिंतीसारख्या ओळी, त्याही चढावर. झिल्वानर जातीची द्राक्षं चाखली की ते विचारतील, एवढा लहान मणी का ठेवला, विरळणी करत नाहीत का. वाइनची द्राक्षं म्हणून सांगा. छाटणी इथे वर्षातून एकदाच होते, हिवाळ्यात. माझे वडील आले तेव्हा एका शेतकऱ्याबरोबर तासभर बागेत फिरले. दोघं आपापल्या भाषेत बोलत होते, काडी हातात धरून तिच्यावरचे डोळे (कोंब) मोजत होते. एक लक्षात ठेवा, हौसेनेसुद्धा तोडणीला हात लावू देऊ नका, व्हिजिट व्हिसावर काम चालत नाही. बघायला कोणी अडवत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. तिकीट तारीख बदलता येणारं बघतेय, हमीपत्राची वेळ घेतली. शाळेत नेण्या-आणण्याचं मुलीला सांगितलं, ती आत्तापासूनच आजोबांना कुठल्या रस्त्याने आणायचं ते ठरवतेय.

पुण्याच्या काकांसाठी खास. अडीच वर्षांत मी खालच्या आजोबांना त्यांचं काम कधी विचारलं नव्हतं. काल विचारलं. ते ४१ वर्षं बेअरिंगच्या कारखान्यात होते, पहिली १२ लेथवर. माझे वडील टर्नर आहेत म्हटल्यावर त्यांनी मला जिन्यातच थांबवलं, आत जाऊन एक जुनं बेअरिंग आणलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. कड्यावर ६२०५ कोरलेलं होतं. मी तिथूनच बाबांना फोन लावला. नंबर ऐकल्याबरोबर ते म्हणाले, "पंचवीस मिलिमीटरचा शाफ्ट. शेवटच्या दोन आकड्यांना पाचनं गुणायचं." मी ते जर्मनमध्ये सांगितलं, तशी आजोबांनी मान हलवली आणि बोटांनी शाफ्टची जाडी दाखवली.

मग बाबा म्हणाले, "त्यांना विचार, बसवताना तेलात तापवत होते का तिकडं पण?" आई गेल्यापासून त्यांनी मला पहिल्यांदाच काहीतरी विचारलं होतं. मी विचारलं. आजोबा म्हणाले, आधी तेलात, नंतर विजेवर, आणि तेलाचा वास अजून नाकात आहे.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "असणारच. आल्यावर बोलतो म्हणावं."