मदत हवी आहे : विरत जाणाऱ्या कडेला पांढुरकी झाक

आमच्या मंडळाच्या बॅनरसाठी गणपतीचा फोटो गिंपमध्ये (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) करतेय. मूर्तीचा खालचा भाग हळूहळू विरून बॅनरच्या गडद मरून रंगात मिसळायला हवा. लेयर मास्क (कुठला भाग किती दिसेल ते ठरवणारा थर) टाकून काळा-पांढरा ग्रेडियंट ओढला, स्क्रीनवर झकास दिसलं.

आधी गिफमध्ये एक्स्पोर्ट केलं (हसू नका!). त्यात पिक्सेल एकतर दिसतो नाहीतर गायब, मधलं काही नाही. पितांबराची कड उंदरानं कुरतडल्यासारखी झाली. मग पीएनजी केली, इमेज मोड आरजीबीच (सगळे रंग) ठेवला, इंडेक्स्ड (मोजकेच रंग) नाही. आता विरणं नीट आहे, पण मरूनवर ठेवलं की विरत जाणाऱ्या कडेला पांढुरकी झाक दिसते. मूळ फोटो पांढऱ्या भिंतीसमोरचा आहे, तोच पांढरा अर्धपारदर्शक पिक्सेलांत उरला असावा.

‘कलर टू अल्फा’ (निवडलेला रंग पारदर्शक करणारी सोय) वापरलं तर झाक जाते, पण मोत्यांच्या माळाही फिकट होतात. फक्त कडेपुरतं कसं करायचं? सिलेक्शन किती पिक्सेल आत घ्यावं? फोटो ३००० पिक्सेल रुंद आहे.

शिवाय फ्लेक्सवाल्याला जेपीईजीच हवी. त्यात पारदर्शकता राहत नाही, म्हणजे मरूनवर बसवूनच द्यावी ना? परवा छपाईला जायचंय.