‘ऑन्कोमेटाबोलाइट’साठी मराठी शब्द

विचारणा: ‘टू-हायड्रॉक्सिग्लुटारेट हा ऑन्कोमेटाबोलाइट एका प्रकारच्या लिम्फोमाशी निगडित आहे’ या वाक्यातील ‘ऑन्कोमेटाबोलाइट’साठी ‘कर्करोगजनक पदार्थ’ असे लिहिले तर चालेल का?

उत्तर: माझ्या मते चालणार नाही. ‘कर्करोगजनक’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे तंबाखूचा धूर किंवा ॲस्बेस्टॉस, म्हणजे बाहेरून शरीरात शिरणारे पदार्थ येतात. हे संयुग मात्र पेशीच्या स्वतःच्या चयापचयात तयार होते, आणि शब्दातून नेमके तेच कळायला हवे. त्यामुळे ‘मेटाबोलाइट’साठी ‘चयापचयज’, म्हणजे चयापचयात तयार होणारा पदार्थ, हे नाम कायम ठेवावे.

आता विशेषणाचा प्रश्न उरतो. त्यासाठी हे संयुग रोगात नेमके काय करते ते पाहावे लागेल. आपल्या वाक्यातला लिम्फोमा (लसीका संस्थेचा कर्करोग) बहुधा अँजिओइम्युनोब्लास्टिक टी-सेल लिम्फोमा असावा. आयडीएच-२ हे विकर (एन्झाइम) एरवी आयसोसायट्रेटपासून अल्फा-कीटोग्लुटारेट बनवते. पण त्याच्या १७२व्या स्थानावरील आर्जिनिनच्या जागी दुसरे अमिनो आम्ल आले, की ते त्याच अल्फा-कीटोग्लुटारेटचे टू-हायड्रॉक्सिग्लुटारेट करू लागते. हे उत्परिवर्तन या लिम्फोमाच्या अनेक रुग्णांत आढळते, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. मेंदूच्या गाठींतील आयडीएच-१ च्या उत्परिवर्तनातून हेच संयुग निर्माण होते, हे त्याआधी २००९ मध्येच समजले होते. अल्फा-कीटोग्लुटारेट आणि टू-हायड्रॉक्सिग्लुटारेट या दोन्ही रेणूंची ठेवण इतकी सारखी, की डीएनएवरील मिथाइल या रासायनिक खुणा काढण्याच्या कामी लागणाऱ्या टीईटी-२ या विकरात टू-हायड्रॉक्सिग्लुटारेट अल्फा-कीटोग्लुटारेटची जागा अडवून बसते आणि ते काम खोळंबते.

मात्र या लिम्फोमात टीईटी-२ च्या जनुकातही बहुधा उत्परिवर्तन असते. तीव्र मायलॉइड रक्तकर्करोगात ही दोन उत्परिवर्तने एकत्र क्वचितच सापडतात, इथे ती वारंवार एकत्र दिसतात. म्हणजे या संयुगाचा परिणाम टीईटी-२ पुरता मर्यादित नसावा आणि रोगाचे सगळे कर्तृत्व त्या एकट्याकडेही देता येत नाही. काही बालकांत जन्मजात दोषामुळे हेच संयुग शरीरात साठते, तेव्हा प्रामुख्याने फिट येणे आणि विकास मंदावणे असे मज्जासंस्थेचे त्रास होतात. म्हणून ‘जनक’ हे पद इथे फार मोठा दावा करते, तर ‘दर्शक’ म्हटल्यास हे संयुग निव्वळ रोगाची खूण ठरते आणि त्याचा प्रत्यक्ष सहभाग झाकला जातो. ‘कर्करोगप्रेरक चयापचयज’ हा शब्द मला या दोहोंच्या मधला आणि नेमका वाटतो.

पुरवणी विचारणा: मग ‘लिम्फोमा’ऐवजी ‘लसीकार्बुद’ लिहावे काय?

उत्तर: परिभाषाकोशात तो शब्द शोभतो; सर्वसामान्य वाचकासाठी मी ‘लिम्फोमा’च ठेवीन. मान, काख किंवा जांघेत गाठी आलेल्या रुग्णाला डॉक्टर हाच शब्द सांगतात, रुग्णाच्या कागदपत्रांतही तोच असतो, आणि घाईत वाचणाऱ्याला ‘लसीका’ व ‘लस’ यांत गल्लत होण्याची शक्यता राहत नाही. पहिल्या उल्लेखात ‘लसीका संस्थेचा कर्करोग’ एवढा खुलासा जोडावा.