रेडमायरचे कार्प मठांतले? पटत नाही

इंग्लंडातल्या रेडमायर तळ्यातले कार्प मासे जुन्या ख्रिस्ती मठांच्या तळ्यांतून आले असावेत, असं एकाने म्हटलंय. इंग्लंडातल्या इतर काही तळ्यांबाबत ते चालेलही, पण हेरफर्डशरच्या या तळ्याची गोष्ट बरीच अलीकडची आहे. सरे ट्राउट फार्म या मत्स्यपैदास केंद्राच्या डोनल्ड लेनी यांनी 1934 मध्ये तिथे 50 पिल्लं दिली, मूळ हॉलंडहून आणलेली. तीही शेवाळ आटोक्यात यावं म्हणून, गळवाल्यांसाठी नव्हे! गळाने मासे पकडणाऱ्या रिचर्ड वॉकरने 1952 मध्ये पकडलेला 44 पौंडी मासा याच खेपेशी जोडला जातो.

मासा हातात आला की अंगाची ठेवण बघा: जुना ‘वाइल्डी’ (मठांच्या काळापासूनचा रानटी कार्प) लांबट, सडपातळ, लेनींचे पाठीला उंच, काहींच्या अंगावर मोजकेच मोठे खवले. अर्थात संकर झालेल्या तळ्यात नुसत्या रूपावर विसंबू नका, तळ्याच्या मालकाकडची जुनी बिलं-पत्रं आधी मागा.