घड्याळातल्या कॅलरी परत खायच्या का?
पाच किलोमीटर चालल्यावर घड्याळ 400 कॅलरी दाखवतं, तेवढं जास्तीचं खाल्लं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. सगळं खाऊ नका. ही घड्याळं हृदयाचे ठोके बरे मोजतात, कॅलरी नाही. 2017 साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात तपासली, तर त्यातलं सगळ्यात बरंही सरासरी 27 टक्के चुकत होतं. शिवाय नुसतं बसून राहिला असतात तरी ज्या जळल्याच असत्या, त्याही बहुतेकदा त्या आकड्यात धरलेल्या असतात. सत्तर किलोच्या माणसाला पाच किलोमीटर चालण्याचा वरखर्च पावणेदोनशे-दोनशेच्या आसपास येतो. म्हणजे एक मोठा बटाटेवडा, तोही पावाशिवाय.

कॅलरी मोजायच्या अ‍ॅपमध्ये 'मध्यम सक्रिय' निवडलं असेल तर व्यायाम बऱ्याचदा आधीच हिशोबात आलेला असतो. मी ते बघितलंच नाही, रोज संध्याकाळी वर दोन पोळ्या खात राहिले आणि दीड महिना वजनाचा काटा जागचा हलला नाही.

रविवारी पंधरा किलोमीटर पळते तेव्हा मात्र जळलेल्यातल्या निम्म्या तरी खातेच, दोन अंडी आणि भाकरी. त्या दिवशी उपाशी राहिलं की रात्री नऊला हात फरसाणाच्या डब्यात जातो, आणि सोमवारी जिना चढताना पाय लटपटतात.