६०-७०च्या वेगात थरथर, सकाळी दुसऱ्या-तिसऱ्यात झटका: टॉर्क कन्व्हर्टर खरंच गेलाय का?

सहावा_गिअर
पेट्रोल सेडान, टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) ६ स्पीड ऑटोमॅटिक, ९२,००० किमी. गिअरबॉक्सचं ऑइल एकदाही बदललेलं नाही. सपाट रस्त्यावर ६०-७०च्या वेगात पाय हलका ठेवला की गाडी २-३ सेकंद थरथरते, रम्बलर पट्ट्यांवरून जावी तशी. आरपीएम तेव्हा १४००च्या आसपास. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की थांबतं. शिवाय सकाळी गाडी थंड असताना दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना झटका बसतो. बॅलन्सिंग, अलाइनमेंट केलं, फरक शून्य. चेक इंजिनचा दिवा लागत नाही. गॅरेजवाले टॉर्क कन्व्हर्टर बदला म्हणतात. त्याआधी काय तपासावं?

तेलकट_हात
लॉक-अप क्लचची थरथर वाटतेय. हलक्या लोडवर वरच्या गिअरमध्ये कन्व्हर्टरमधला हा क्लच इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडतो. ऑइलमधली घर्षण सांभाळणारी द्रव्यं संपली की तो सरळ न पकडता पकड-सोड, पकड-सोड करत बसतो. जोरात पाय दिला की संगणक लॉक-अप सोडतो, म्हणून तुमची थरथर थांबते.

खात्री फुकटात होते. मागे गाडी नसताना थरथर सुरू होऊ द्या, उजवा पाय तसाच ठेवा आणि डाव्या पायाने ब्रेक फक्त ब्रेकलाइट लागण्याइतका टेकवा. बहुतेक गाड्यांत ब्रेकचा स्विच लागला की लॉक-अप सुटतं. आरपीएम १००-२००ने वर जाऊन थरथर त्याच क्षणी बंद झाली, तर इंजिन आणि चाकांवरचा संशय बराच कमी होतो. डाव्या पायाला ब्रेकचा अंदाज नसतो, त्यामुळे आधी मोकळ्या मैदानात सराव करा.

चौथा_सिलिंडर
थांबा, मिसिंग (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं) बघितल्याशिवाय गिअरबॉक्सला हात लावू नका. ६५च्या वेगात चाक सेकंदाला साधारण ९ फेरे मारतं. १४०० आरपीएमला एक सिलिंडर चुकत असेल, तर सेकंदाला जवळपास १२ धक्के येतात. बुडाखाली या दोन्हींतला फरक कळत नाही, म्हणून तर लोक पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करत बसतात.

वेग तोच ठेवून मॅन्युअल मोडमध्ये एक गिअर खाली घ्या. धक्क्यांची गती तशीच राहिली तर टायर, रिम किंवा ड्राइव्ह शाफ्ट. आरपीएमबरोबर वाढली तर इंजिन. गायबच झाली, तर लॉक-अप किंवा कमी आरपीएमवर लोड पडल्यावरच होणारं मिसिंग, दोन्ही शक्य. अशा वेळी स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरचा मिसफायर काउंट बघा. दिवा लागला नाही म्हणजे मिसिंग नाहीच, असं समजू नका. थोडं मिसिंग दिवा लागण्याच्या मर्यादेखाली राहतं. ९२,०००ला स्पार्क प्लग मूळचेच असतील, तर ते तसेही बदलायला झालेत.

घाटवळण
ब्रेक दाबून डीमध्ये उभं असताना थरथर आणि एनमध्ये टाकल्यावर कमी, असं असेल तर इंजिन माउंटही (इंजिनला धरून ठेवणारे रबरी आधार) बघा. तुमची लक्षणं तशी दिसत नाहीत. आणि एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच-गिअर यंत्रणा बदलते), डीसीटी (दोन क्लचवाला) आणि सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा) वाल्यांनी हा धागा वाचून ऑइल बदलायला धावू नये. ड्राय क्लचच्या डीसीटीत सिग्नलवरून सरकताना होणारी थरथर क्लच प्लेटची असते, तिथे ऑइलचा संबंध नाही. आपल्याकडे सगळ्यांनाच ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात, गोंधळ तिथूनच सुरू होतो.

सहावा_गिअर
ब्रेक टेकवताच थरथर लगेच बंद, चार वेळा करून बघितलं. आरपीएम १५०ने वर गेला. मिसफायर काउंट चारही सिलिंडरांत शून्य.

तेलकट_हात
मग आधी ऑइल. ऑइल काढायचा बोल्ट खोलण्याआधी ऑइल भरायचा बोल्ट सुटतो का बघा. तो अडकला तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसाल. ग्रेड मॅन्युअलमध्ये लिहिलेलीच घ्या, ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ वालं नको. एका वेळी साधारण अर्धंच निघतं, बाकी कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहतं. एकूण ७ लिटर असेल तर ३.५ निघेल. मोजा आणि तेवढंच भरा. २००-३०० किमी चालवून पुन्हा तेच करा, म्हणजे ७५ टक्के नवं होतं. तिसऱ्यांदा केलं तर ८७ टक्के. प्रेशर मशिनने फ्लश मारू देऊ नका.

लेव्हल लिफ्टवर, गाडी सपाट आणि इंजिन चालू ठेवून बघायची. लिव्हर प्रत्येक गिअरमध्ये ३-४ सेकंद ठेवून पीवर आणा. स्कॅनरवर ऑइलचं तापमान मॅन्युअलमधल्या मर्यादेत आलं की लेव्हलचा बोल्ट काढा. बारीक धार थेंबांवर आली की बंद करा. गार ऑइलवर मोजलं तर गरम झाल्यावर जास्त भरलेलं निघतं, मग फेस होऊन गिअर घसरतात.

काढलेलं ऑइल टाकून देऊ नका. बोल्टच्या चुंबकावर राखाडी लेप चालतो. चकचकीत कपचे किंवा जळका वास असेल तर थांबा, आतले धातूचे भाग किंवा क्लच प्लेट खराब झाल्या असाव्यात.

सकाळचा झटका बराचसा जुन्या ऑइलमुळे आणि त्या ऑइलवर शिकलेल्या संगणकामुळे असतो. दुसऱ्या बदलानंतर अडॅप्टेशन (संगणकाने शिकलेलं ते सगळं) रीसेट करून घ्या आणि हलक्या, एकसारख्या पायाने सगळे गिअर चढतील अशी अर्धा तास चालवा. पहिल्या १००-२०० किमीत गिअर थोडे विचित्र पडतील.

इतकं करून ५०० किमीनंतरही ब्रेक टेकवला की थांबणारी थरथर उरली, तर क्लचचं अस्तर गुळगुळीत झालंय. तेव्हा तुमच्या गॅरेजवाल्यांचं म्हणणं खरं. पण नवा कन्व्हर्टर घेण्याआधी जुना रीबिल्ड करून मिळतो का, ते विचारा.