काटा कुणाकडे आहे?

(ग्रुप: आपली सोसायटी, फक्त महत्त्वाचे मेसेज)

सी-३०२ वहिनी (सकाळी ७:४८)
सुप्रभात. कुणाला लागलं तर लागू दे, पण आज बोलते. त्या वजन घटवायच्या चॅलेंजपायी माझं किराण्याचं बिल दीडपट झालंय. ह्यांना प्रोटीन पावडरचा वेगळा डबा, वेगळ्या बिया, वेगळं दूध. शिवाय ते परदेशी हिरवं फळ, चार दिवस दगड आणि पाचव्या दिवशी थेट कचऱ्यात. घरात कमावणारं माणूस एक, मुलांची फी तोंडावर. यादी पाठवणाऱ्यांनी एकदा दुकानात जाऊन स्वतःच्या पैशांनी ती भरून बघावी.

बी-४०५
वहिनी, ते फळ चौथ्या रात्री अडीच वाजता पिकतं. तेव्हा उठून खायचं असतं 😂

ए-७०१ काका
वजनकाटा कुणाकडे आहे? सोसायटीचा आहे. वर्गणीतून घेतलेला आहे.

बी-१०२ ताई
वहिनी, नाव घेतलं नाहीत तरी रोख कळला 🙏 मी कुणाच्या गळ्यात काही मारलेलं नाही. ज्यांना पटलं ते आले. तीन आठवड्यांत १७ जणांचं मिळून ५८ किलो उतरलंय. रजिस्टरमध्ये सह्यांसकट आहे.

सी-३०२ वहिनी
त्यात आमच्या ह्यांचेही ३ किलो आहेत ना? मग पट्टा अजून त्याच भोकाला कसा?

बी-१०२ ताई
इंच नंतर कमी होतात. आधी किलो जातात.

बी-४०५
म्हणजे किलो पुढे गेले, इंच मागून लिफ्टने येतायत. आणि लिफ्ट तर बंद आहे.

सेक्रेटरी
सर्वांना नम्र विनंती, ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे. लिफ्टचा पार्ट अजून आलेला नाही. आला की कळवतो. सहकार्य करावे.

बी-४०५
सेक्रेटरीसाहेब, लिफ्ट बंद ठेवून तुम्ही सोसायटीला फुकट जिम दिलीत. आभार माना कुणीतरी.

ए-७०१ काका
आभार सातव्या मजल्यावर येऊन मानावेत. मी काल हिशेब केला. माझं वजन ७०, उंची साधारण २१ मीटर, स्नायूंची कार्यक्षमता फार तर २० ते २५ टक्के. एकदा वर चढलं की १५ कॅलरीच्या आसपास जळतात. म्हणजे चहाचा एक चमचा साखर. त्यासाठी गुडघे माझे जातायत. असो. काटा कुणाकडे आहे?

खजिनदार
विषय निघालाच आहे म्हणून. हॉलच्या गालिच्यावर चॅलेंजवाल्यांनी पावडर सांडली होती. तो धुवायला दिला, त्याचं बिल माझ्याकडे पडून आहे. सोसायटीच्या खात्यातून जाणार नाही.

बी-१०२ ताई
पावडर एकाच्या हातून सांडली, बिल १७ जणांनी भरायचं?

खजिनदार
५८ किलो १७ जणांचे, तर बिलही १७ जणांचं.

डी-२०१
नमस्कार. सी-३०२ वहिनींना सांगावंसं वाटलं म्हणून लिहितो. माझं वर्षभरात ९ किलो कमी झालं आणि खर्च आधीपेक्षा कमी झाला. वेगळं काहीच विकत आणलं नाही. उलट बऱ्याच गोष्टी आणणं बंद केलं.

खजिनदार
भाडेकरूंनी आपल्या सूचना कृपया घरमालकांमार्फत द्याव्यात, असं ठरलेलं आहे.

डी-२०१
डाळ भिजवायलाही ना हरकत प्रमाणपत्र लागेल का सर?

बी-४०५
😂😂

सी-३०२ वहिनी
तू बोल रे. मी विचारतेय. काय काय केलंस?

डी-२०१
फार काही नाही वहिनी. स्वयंपाकाला दोनच पातेली आहेत. रविवारी एकदम दोन प्रकारची कडधान्यं भिजवून शिजवतो आणि डबे भरून फ्रीजरला टाकतो. रोज एक डबा काढायचा. भाजी आधी ठरवत नाही. त्या दिवशी जिचा ढीग सगळ्यात मोठा आणि भाव सगळ्यात उतरलेला, ती घ्यायची. बहुतेक वेळा कोबी, गाजर, भोपळा असंच काहीतरी. महाग पडलं तर फ्रोजन मटार. ताटात अर्धी भाजी, पाव भाग डाळ किंवा अंडी, उरलेल्या पाव भागात भात. भात सोडला नाही. दोनदा सोडून बघितला, दोन्ही वेळा रात्री अकराला बिस्किटाचा पुडा संपवला.

डी-२०१
आणि तेल. ही खरी गंमत. आधी बाटलीतून सरळ कढईत ओतायचो. एकदा मोजून बघितलं तर एका भाजीला चार मोठे चमचे पडत होते. एक मोठा चमचा म्हणजे सुमारे १२० कॅलरी. आता चमच्यानेच घालतो, दोन माणसांच्या भाजीला एक. तेलाची बाटली दुपटीहून जास्त दिवस पुरते.

ए-७०१ काका
९ किलो. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. गुणिले ९, भागिले ३६५. दिवसाला १९० पडतात. म्हणजे दीड मोठा चमचा तेल.
काटा कुणाकडे आहे?

ए-१०४ सिस्टर
काका, हिशेब बरोबर, पण शरीर वहीसारखं चालत नाही. माणूस हलका झाला की त्याचा रोजचा खर्चही कमी होतो, म्हणून पुढे पुढे वेग मंदावतो. नाइट करून आलेय, झोपायच्या आधी वाचतेय. २०१ मधल्या मुलाचं म्हणणं मात्र योग्य आहे.

बी-१०२ ताई
सिस्टर, प्रोटीनचं काय? आमच्या पावडरच्या एका मापात २४ ग्रॅम आहे. डाळभातावर स्नायू झडतात.

ए-१०४ सिस्टर
१०० ग्रॅम कोरड्या मसुरातही साधारण २४ ग्रॅमच असतं. एका अंड्यात ६. सोयाच्या वड्या कोरड्या १०० ग्रॅम घेतल्या तर ५० च्या आसपास. पावडर विष आहे असं मी म्हणत नाही. डाळीबरोबर पिष्टही पोटात जातं, पावडरीत ते कमी असतं, एवढा फरक आहे. पण ज्या घरात महिन्याचे पैसे मोजून वापरायचे आहेत, तिथे तिची गरज नाही.

डी-२०१
एक चूक मी केली होती, ती सांगतो. ते २४ ग्रॅम कोरड्या डाळीचे. शिजली की पाणी पिते, मग १०० ग्रॅममागे ९ च उरतात. मी दोन महिने शिजलेली डाळ मोजून कोरडीचा आकडा लिहीत होतो. कागदावर पैलवान झालो होतो.

सी-३०२ वहिनी
हे सगळं माझ्या घरात आधीपासून होतं रे. डाळ, अंडी, कोबी. मी ते बाजूला सारून डबे आणत बसले.

सी-६०३ आजी
मी रोज सकाळी मत घालून लिंबू पाणी घेते चरबी वितळते असं आलं होतं फॉरवर्ड

सी-६०३ आजी
मत नाही मध हा फोन बोललेलं नीट लिहीत नाही

बी-४०५
आजी, मतही घाला. निवडणूक जवळ आलीच आहे. सेक्रेटरीसाहेब जागे आहेत का?

सेक्रेटरी
वैयक्तिक टीका टाळावी.

ए-१०४ सिस्टर
आजी, मधाने चरबी वितळत नाही. एका मोठ्या चमच्यात साधारण १७ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेवर जी मर्यादा घातली, त्यात मध आणि फळांचा रसही धरलाय. दिवसभराच्या कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत, जमल्यास ५. म्हणजे २,००० कॅलरी खाणाऱ्याला ५० ग्रॅम, जमल्यास २५. नुसतं लिंबूपाणी प्या, खुशाल.

ए-७०१ काका
डी विंगचे दोन सज्जन पहाटे पाचला माझ्या गाडीभोवती गोल गोल चालतात आणि मोठ्याने मोजतात. नाव घेत नाही. दहा हजार पावलं पूर्ण झाल्याशिवाय थांबत नाहीत.

बी-४०५
काका, तो दहा हजारांचा आकडा डॉक्टरांनी काढलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ दहा हजार पावलं मोजणारं. जाहिरात होती. त्यांना सांगा, साडेसात हजारांवर थांबा आणि आम्हाला झोपू द्या.

डी-५०४
नाव घेतलं नाही तरी कळतं. आम्ही मोजत नाही, जप करतो. आणि ती गाडी कुणाच्या पार्किंगमध्ये उभी असते, हेही एकदा ग्रुपवर येऊ द्या.

ए-७०१ काका
मी विषयांतर करत नाही. वजनकाटा कुणाकडे आहे?

सी-६०३ आजी
सिस्टर मी रात्रीचं जेवण पण सोडलं आहे दहा दिवस झाले फक्त शेक घेते चॅलेंजमध्ये सांगितलं होतं वजन कमी झालं पण पहाटे हात थरथरतात घाम येतो

ए-१०४ सिस्टर
आजी, तुमची साखरेची गोळी सुरू आहे ना? तशीच घेताय?

सी-६०३ आजी
हो गोळी नियमित एकदाही चुकवली नाही

ए-१०४ सिस्टर
फोन उचला, मी करतेय.

ए-१०४ सिस्टर (सकाळी ९:३१)
बोलले त्यांच्याशी. सून घरी आहे. आत्ता खाल्लंय त्यांनी, आज डॉक्टरांना दाखवणार आहेत. हे सगळ्यांसाठी लिहितेय. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने आपल्या मनाने जेवण सोडायचं नाही. गोळी तिचं काम करते, पोटात काही नसलं तर साखर धोक्याइतकी खाली येते. झोपेत आली तर कळतही नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळीही सोडायची नाही आणि जेवणही.

बी-१०२ ताई
मला आजींच्या गोळीचं माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. वरून जो तक्ता आला तोच मी सगळ्यांना पाठवला.

सी-३०२ वहिनी
तेच म्हणतेय मी मघापासून. एकच तक्ता सगळ्यांना. माझा १४ वर्षांचा मुलगाही बाबांबरोबर रात्री उपाशी झोपायला लागला होता.

बी-१०२ ताई
वहिनी, तुम्ही बोलू शकता. मी पहिला डबा घेतला तेव्हा ह्यांची नोकरी गेलेली होती. विकला तर घर चालतं. मलाही परवडत नाही तो डबा. मी स्वतः दोन महिने घेतलेला नाही.

खजिनदार
गालिच्याचं बिल मी पुढच्या महिन्यात बघतो. घाई नाही.

सेक्रेटरी
🙏

सी-३०२ वहिनी
हे आधी सांगायचं होतंस गं. मी ग्रुपवर आलेच नसते. खाली येऊन बोलले असते.

ए-७०१ काका (सकाळी १०:१५)
काटा सापडला. पंपरूममध्ये, लिफ्टवाल्यांच्या अवजारांच्या पेटीखाली. बघून घेतला, ठीक आहे.

ए-७०१ काका
पण एक गोष्ट लक्षात आली. ३४ वर्षं विज्ञान शिकवलं, त्यामुळे राहवत नाही. पंपरूमच्या फरशीवर माझं वजन ७० आलं. गालिचा कालच धुऊन आलाय, म्हणून हॉलमध्ये जाऊन त्याच्यावर काटा ठेवला. ७३. पुन्हा फरशीवर ठेवला. ७०. पाच वेळा करून बघितलं. स्प्रिंगचा काटा आहे, खाली मऊ आणि जाड काही असलं की तो चुकतो. ताई, पहिलं वजन कुठे घेतलं होतं?

बी-१०२ ताई
हॉलमध्ये.

ए-७०१ काका
आणि तीन आठवड्यांनी?

बी-१०२ ताई
हॉलमध्येच.

खजिनदार
तेव्हा गालिचा धुवायला गेला होता.

बी-४०५
१७ गुणिले ३ म्हणजे ५१. ५८ मधून ५१ गेले, उरले ७. सतरा माणसं, तीन आठवडे, सात किलो 😂😂

ए-१०४ सिस्टर
त्या सातातलंही बरंच पाणी असेल. खाणं एकदम तोडलं की शरीर आधी साठवलेली साखर वापरतं, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. ते जातं. नीट जेवलात की परत येतं. आता मी झोपते, कृपया टॅग करू नका.

सी-३०२ वहिनी
म्हणजे पट्टा खरं बोलत होता.

डी-२०१
पट्ट्यासारखाच दोराही खरं बोलतो वहिनी. दोरा आपल्या उंचीएवढा घ्यायचा, मधोमध दुमडायचा आणि कमरेभोवती लावायचा. टोकं जुळली नाहीत तर कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे. मी महिन्यातून एकदा तेवढंच बघतो. काटा घ्यायला पैसे नव्हते तेव्हापासून.

बी-४०५
लावला. टोकांची तोंडओळखही नाही.

सी-३०२ वहिनी
२०१, रविवारी डबे भरतोस तेव्हा दार उघडं ठेव. ह्यांना पाठवते. बघतील तरी.

खजिनदार
डी-२०१, फ्रीजरमध्ये कडधान्य किती दिवस टिकतं? घरून विचारतायत.

डी-२०१
घरमालकांमार्फत कळवतो सर.

सेक्रेटरी
लिफ्टचा पार्ट आला आहे. काम सायंकाळी पाचपर्यंत चालेल. तोपर्यंत जिना वापरावा.

ए-७०१ काका
काटा मी माझ्या दाराबाहेर, फरशीवर ठेवला आहे. ज्याला वजन करायचं असेल त्याने वर यावं. कुणी उचलून नेऊ नये.

बी-१०२ ताई
काका, दुपारी दोनला बाहेर कुणी नसतं ना? मी येऊन जाईन.

ए-७०१ काका
या. सावकाश चढा. पाचव्या मजल्यावर खुर्ची ठेवलेली आहे.